तारीख माहीत असेल तर: आरबीआय रिटेल डायरेक्ट वापरल्यावर

सरकारला थेट पैसे उसने द्यायचे आणि ठरल्या दिवशी व्याजासकट परत घ्यायचे, यासाठी आता दलाल लागत नाही, डीमॅट लागत नाही आणि कमिशन तर नाहीच. रिझर्व्ह बँकेची ‘रिटेल डायरेक्ट’ ही सेवा १२ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झाली. मे २०२४ मध्ये तिचं मोबाइल ॲपही आलं. तरी कराडला आमच्या दुकानावर येणाऱ्या भल्या जाणत्या माणसांनीही तिचं नाव ऐकलेलं नसतं. एफडीचे दर तोंडपाठ, सोन्याचा भाव तोंडपाठ, एसआयपी तर आता प्रत्येक घरात एक तरी आहे. सरकारी रोखा म्हटलं की मात्र उत्तर ठरलेलं: “ते मोठ्या लोकांचं काम.” ते आता दहा हजार रुपयांपासून होणारं काम आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

आमचं औषधाचं दुकान आहे. मी आणि नवरा दोघंही तिथंच. आम्हाला पेन्शन नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही, महिन्याच्या एक तारखेला खात्यात काही जमा होत नाही. गल्ल्यात पैसे रोज थोडे थोडे येतात आणि जातात ते मात्र तारखेला: स्टॉकिस्टचं बिल, जीएसटी, आगाऊ कर, मुलाची कॉलेजची फी, परवान्याचं नूतनीकरण. नोकरदाराला गुंतवणूक म्हणजे ‘दर महिन्याला किती टाकायचे’ हा प्रश्न असतो. दुकानदाराला ‘कोणत्या तारखेला किती लागणार’ हा असतो. माझं सगळं परीक्षण या दुसऱ्या प्रश्नाच्या बाजूनं आहे.

खातं उघडायला पॅन, आधार किंवा तसा दुसरा ओळखपुरावा, बचत खातं, ईमेल आणि मोबाइल एवढं पुरतं. फी नाही, वार्षिक आकार नाही. संयुक्त खातं निघतं, वारस नेमता येतो. एनआरआय मंडळींनाही परवानगी आहे. पैसे नेटबँकिंगनं किंवा यूपीआयनं भरता येतात आणि यूपीआयची मर्यादा या कामासाठी पाच लाखांपर्यंत वाढवलेली आहे. घेतलेले रोखे थेट रिझर्व्ह बँकेकडच्या तुमच्या खात्यात राहतात, मध्ये दुसरं कुणी नसतं. व्याज आणि मुद्दल जोडलेल्या बचत खात्यात आपोआप येतं. खात्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच. खरी गंमत पुढं आहे.

सगळ्यात आधी टी-बिल, म्हणजे ट्रेझरी बिल. ही सरकारची अल्प मुदतीची हुंडी. तीन मुदती असतात: ९१ दिवस, १८२ दिवस, ३६४ दिवस. लिलाव बुधवारी होतो आणि बिल गुरुवारी खात्यात येतं. तिन्ही आकड्यांना सातानं भाग जातो, त्यामुळे गुरुवारी घेतलेलं बिल गुरुवारीच पिकतं. मध्ये सुट्टी आली तरच एखादा दिवस मागंपुढं. व्याज वेगळं मिळत नाही. कमी किमतीला घ्यायचं आणि पूर्ण किंमत परत घ्यायची. समजा १८२ दिवसांच्या बिलाचा दर ५.६ टक्के निघाला, तर एक लाखाच्या बिलासाठी साधारण ९७,२८४ रुपये भरायचे. सव्वीस आठवड्यांनी खात्यात बरोबर एक लाख.

आता हे दुकानाला कसं लागू पडतं ते बघा. अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीनं, म्हणजे विक्रीचा ठरावीक हिस्सा नफा धरून, विवरणपत्र भरणाऱ्या आमच्यासारख्या छोट्या धंदेवाल्यांना सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदम भरायचा असतो. त्यासाठीची रक्कम गणपती झाले की मी बाजूला काढायला लागते. पूर्वी ती चालू खात्यात पडून असायची, तिथं एक पैसा व्याज मिळत नाही, आणि दिवाळीत स्टॉकिस्टनं चांगली स्कीम आणली की त्यातलेच पैसे मालात अडकायचे. २०२५ मध्ये सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी, म्हणजे ११ तारखेला सुरू होणारं १८२ दिवसांचं बिल पिकणार कधी, तर १२ मार्च २०२६ ला. कर भरायला तीन दिवस हातात. यात व्याज मिळतं ते आहेच, पण मला त्याहून मोलाचं हे वाटतं की त्या पैशाला नाव आणि तारीख दोन्ही लागतात. स्कीम कितीही गोड असली तरी ती रक्कम गल्ल्यात नसते.

लिलाव म्हटलं की लोक बिचकतात. बोली किती लावायची, चुकली तर काय, असं वाटतं. पण आपल्यासारख्यांना बोली लावायचीच नसते. बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड आपापसांत बोली लावतात. त्यात जो सरासरी दर निघतो तो आपल्याला मिळतो. आपण फक्त रक्कम सांगायची. म्हणजे शेकडो कोटींची बोली लावणाऱ्या बँकेच्या ट्रेझरीतल्या माणसाची सगळी हुशारी त्या दरात उतरलेली असते आणि दहा हजारवाल्यालाही तोच सरासरी दर लागतो. दर आधी कळत नाही, म्हणून पैसे थोडे जास्त भरून घेतात आणि लिलाव झाल्यावर फरक परत येतो. ती परत आलेली रक्कम पाहून कुणी घाबरू नये.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनं टी-बिलांसाठी आपोआप बोली लागण्याची सोय जाहीर केली. बिल पिकलं की त्याच पैशातून पुढचं घेता येतं, ठरावीक हप्त्यानंही घेता येतं. ज्यांना दर बुधवार लक्षात ठेवायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी ही सोय चांगली. मी स्वतः हातानंच घेते, कारण मला प्रत्येक वेळी पुढची तारीख वेगळी लागते.

दराची बाजू सांगायला हवी. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं उसने पैसे देते तो, ६.५ वरून ५.५ टक्क्यांवर आला, आणि टी-बिलांचे दरही त्याच्या मागोमाग उतरले. वर्षभराच्या एफडीला त्याच काळात एखादी चांगली बँक जास्त देत होती, हे मान्य. त्यामुळे ‘एफडीपेक्षा जास्त व्याज’ म्हणून कुणी टी-बिलाकडे येत असेल तर त्यानं आधी आपल्या बँकेचा दर बघावा. एफडीची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: ती आज मोडली की पैसे आज मिळतात. थोडं व्याज कापतात, पण मुद्दल शाबूत. दवाखान्याचा खर्च सांगून येत नाही. त्यासाठीचा पैसा एफडीतच असावा, रोख्यात नाही.

पण एफडीच्याही काही मर्यादा आहेत आणि त्या पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळ्या समजावून सांगायची गरज नाही. बँक ठेवीला विम्याचं संरक्षण पाच लाखांपर्यंतच. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले, २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला. मधली नऊ वर्षं ज्यांचे पैसे तिथं होते त्यांची काय अवस्था झाली हे आपण पाहिलं आहे. सरकारी रोख्याला अशी पाच लाखांची रेघ नाही. म्हणून ज्यांच्याकडे जमीन विकल्याचे, निवृत्तीचे, एकदम मोठे पैसे येतात त्यांनी ही सेवा निदान माहीत करून घ्यावी असं मला कळकळीनं वाटतं.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते. मंगळवारी राज्यांच्या रोख्यांचा लिलाव असतो. पडद्यावर यादी येते, त्यात तमिळनाडू, गुजरात, आंध्र अशी नावं आणि अनेक आठवड्यांत महाराष्ट्र. आपल्याच राज्याला दहा-बारा वर्षांसाठी आपण कर्ज देतो. दर सहसा केंद्राच्या तेवढ्याच मुदतीच्या रोख्यापेक्षा थोडा जास्त असतो. केंद्र सरकारची हमी त्यावर नसते हे लक्षात ठेवावं, पण हे सगळे रोखे रिझर्व्ह बँकच सांभाळते आणि व्याज-मुद्दल देण्याचं कामही तिच्याच हातून होतं. व्याज सहामाही. समजा दर ७.२० टक्के निघाला, तर एक लाखाला दर सहा महिन्यांनी ३,६०० रुपये खात्यात येणार, रोख्याची मुदत संपेपर्यंत. बाजारात दर चार टक्के होवोत की नऊ, आपले ३,६०० ठरलेले.

माझ्या सासूबाईंसाठी हाच विचार केला. त्यांचं वय चौऱ्याहत्तर. सासरे गेल्यावर आलेले पैसे एका बँकेत ठेवले होते. ठेव पिकली त्या दिवशी त्यांना आत बसवून, पाणी देऊन, दहा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी दाखवली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला! सुदैवानं त्या म्हणाल्या, “सुनेला विचारते,” आणि सही न करता उठल्या. त्या दिवशी मी ठरवलं की आईंचे पैसे जिथं विकणारा माणूसच नाही अशा ठिकाणी ठेवायचे. रिटेल डायरेक्टची ही बाजू दराच्या तक्त्यात दिसत नाही. तिथं कुणी फोन करत नाही, ‘मॅडम, आणखी एक चांगली योजना आहे’ असं म्हणत नाही, पडद्यावर कुठं जाहिरात लुकलुकत नाही.

तरीही आईंचे सगळे पैसे मी तिथं नेले नाहीत, आणि ज्येष्ठांच्या बाबतीत कुणीच नेऊ नयेत असं सांगेन. साठीच्या पुढच्या माणसानं आधी पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना भरून घ्यावी. एप्रिल २०२३ पासून तिला ८.२ टक्के आहेत, मर्यादा तीस लाख, व्याज दर तिमाहीला. सरकारचीच हमी आणि दर चांगला जास्त. ती भरली, की रिटेल डायरेक्टवरही मिळणारे फ्लोटिंग रेट सेव्हिंग बाँड बघावेत. त्यांचा दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रापेक्षा ०.३५ टक्के वर असतो. जुलै २०२३ पासून तो ८.०५ टक्के झाला आणि २०२५ संपेपर्यंत तसाच राहिला. व्याज १ जानेवारी आणि १ जुलैला. मुदत सात वर्षं, आणि मध्ये विकता येत नाहीत, ही अट मात्र कडक आहे. फक्त ज्येष्ठांना वयाप्रमाणे लवकर मोडता येतात: साठ ते सत्तरला सहा वर्षांनी, सत्तर ते ऐंशीला पाच वर्षांनी, ऐंशीच्या पुढं चार वर्षांनी. हे दोन्ही झाल्यावर जे उरलं त्यातून आईंना महाराष्ट्राचा रोखा घेतला.

आईंना पटवणं सोपं नव्हतं. “पासबुक कुठंय?” हा त्यांचा पहिला प्रश्न.

“पासबुक नसतं, आई. कॉम्प्युटरवर दिसतं.”

“कॉम्प्युटर बंद पडला तर?”

मी खात्याचा उतारा छापला, त्यावर रोख्याचं नाव, रक्कम, मुदतीची तारीख होती. खाली पेननं व्याजाच्या दोन तारखा आणि वारसाचं नाव लिहिलं. त्यांनी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, गोदरेजच्या कपाटात सासऱ्यांच्या मृत्यूच्या दाखल्याशेजारी ठेवला, आणि मग सही केली. ज्यांच्या घरात वडीलधाऱ्यांच्या नावावर असं खातं आहे त्यांनी हा कागद जरूर करावा. कारण पासबुक नाही, पावती नाही, म्हणजे मागं राहिलेल्यांना असं काही आहे हे कळायलाही वाव नाही. वारस नेमलेला असला तरी वारसाला ते माहीत पाहिजे.

व्याजाच्या तारखांवरून एक युक्ती सांगते. केंद्राच्या प्रत्येक रोख्याच्या व्याजाच्या तारखा त्याच्या मुदतीच्या तारखेवरून ठरतात. ७.१८ टक्क्यांचा २०३३ चा रोखा १४ ऑगस्टला पिकतो, म्हणून त्याचं व्याज १४ फेब्रुवारी आणि १४ ऑगस्टला. ७.१० टक्क्यांचा २०३४ चा रोखा ८ एप्रिलला पिकतो, म्हणजे व्याज ८ एप्रिल आणि ८ ऑक्टोबरला. असे दोन घेतले की वर्षातून चार वेळा पैसे येतात. आणखी एक वेगळ्या महिन्यांचा जोडला की सहा वेळा. असे जुने रोखे लिलावात मिळतीलच असं नाही, ते दुय्यम बाजारातून, म्हणजे आधी घेतलेल्यांकडून, घ्यावे लागतात. तिथं शंभर रुपयांच्या मूळ किमतीच्या रोख्याची किंमत शंभराच्या वर किंवा खाली असू शकते आणि मागच्या व्याज-तारखेपासून त्या दिवसापर्यंतचं व्याजही विकणाऱ्याला द्यावं लागतं. ते पुढच्या तारखेला पूर्ण व्याजातून आपल्याकडे परत येतं. पहिल्यांदा हिशेब बघताना ही जादाची रक्कम का, असं वाटतं. ती फी नसते.

दुय्यम बाजाराचा विषय निघालाच आहे तर ही सेवा कुणासाठी नाही तेही स्पष्ट बोलते. रोखा मध्येच विकायची वेळ आली तर तो तेवढ्याच सहजतेनं विकला जाईल असं धरून चालू नये. सरकारी रोख्यांचा बाजार प्रचंड मोठा आहे, पण तो कोट्यवधींच्या सौद्यांचा. पन्नास हजारांचा छोटा तुकडा घ्यायला गिऱ्हाईक मिळणं आणि चांगला भाव मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. छोट्यांसाठी भाव द्यायची व्यवस्था केलेली आहे, प्रायमरी डीलर, म्हणजे सरकारी रोख्यांचे रिझर्व्ह बँकेनं नेमलेले मोठे व्यापारी, त्यात आहेत, तरीही जो भाव मिळेल तो घ्यावा लागण्याची तयारी हवी. राज्यांच्या रोख्यांत तर आणखीच.

आणि भाव पडतोही. सरकार बुडत नाही म्हणजे भाव पडत नाही, असं नाही. दहा वर्षांचा ७ टक्क्यांचा रोखा शंभरला घेतला आणि लगेच बाजारातले दर ८ टक्के झाले, तर त्याची किंमत ९३ च्या आसपास येते. ७.३४ टक्क्यांचा एक रोखा थेट २०६४ मध्ये पिकतो. त्याच्या बाबतीत दर टक्काभर वाढले तर शंभराचे अठ्ठ्याऐंशी-नव्वद होतात. मुदतीपर्यंत थांबणाऱ्याला यानं काही फरक पडत नाही, त्याला शंभर मिळणारच. पण चाळीस वर्षं कोण थांबणार? यादीत सगळ्यात मोठा व्याजदर दिसतो म्हणून साठीच्या माणसानं २०६४ चा रोखा घेतलेला पाहिला की मला काळजी वाटते. पेन्शनसारखं उत्पन्न आणि मुलांना मुद्दल, असा पक्का विचार असेल तरच तो घ्यावा.

व्याजावर व्याज हवं असणाऱ्यांचंही इथं समाधान होणार नाही. सहामाही व्याज बचत खात्यात येतं आणि बाजारखर्चात विरघळून जातं. वीस वर्षं पैसा वाढवायचा असेल तर पीपीएफ आहे, इक्विटी फंड आहेत, आमचेही आहेत. सोन्यासाठी कुणी येत असेल तर सॉव्हरिन गोल्ड बाँडची शेवटची मालिका फेब्रुवारी २०२४ मध्ये आली होती, त्यानंतर नवी आलेली नाही.

कराचं थोडक्यात: व्याज आपल्या स्लॅबप्रमाणे करपात्र आहे. साध्या सरकारी रोख्यांच्या व्याजावर टीडीएस कापला जात नाही. लोकांना वाटतं कापला नाही म्हणजे लागत नाही. लागतो. धंदेवाल्यांनी तो आगाऊ करात धरावा. साठीच्या पुढच्या, धंद्याचं उत्पन्न नसलेल्या माणसाला आगाऊ कर माफ आहे, पण विवरणपत्रात व्याज दाखवावंच लागतं.

पडद्याबद्दल माझी एक अपेक्षा आहे. सगळी रचना बाजारातल्या माणसाच्या सवयीची आहे: रोख्याचा लांबलचक क्रमांक, उत्पन्नदर, किंमत, रकाने. माहिती सगळी आहे, पण ‘तुम्हाला पैसे कधी हवेत?’ असा एक साधा प्रश्न विचारून त्या तारखेच्या जवळ पिकणारी बिलं आणि रोखे समोर मांडले, तर माझ्या गिऱ्हाइकांपैकी निम्मे तरी उद्या खातं उघडतील. आज हे काम आपल्यालाच वही-पेन घेऊन करावं लागतं.

मागच्या आठवड्यात शेजारचे हार्डवेअरवाले काका आले होते. मुलीच्या लग्नासाठी आठ लाख बाजूला काढलेत, ते यात टाकू का म्हणाले. मी विचारलं, लग्न कधी? म्हणाले, अजून स्थळं बघतोय, जमलं तर तुळशीच्या लग्नानंतर लगेच, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात. मग म्हटलं, काका, तोवर एफडीतच राहू द्या, दोन बँकांत चार-चार लाख करा, आणि तारीख धरली की या. मधे चार महिने असले तरी ९१ दिवसांचं एक बिल त्यात बसतं. पॅन कार्ड आणि आधार मात्र आत्ताच घेऊन या म्हटलं, खातं तरी उघडून ठेवू.